कोळ्याच्या जाळ्यातील शेते : फ्लोरेस बेटावरील खेडी आणि त्यांची जमीन

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकास मांगराई नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्या मुलखातील रुतेंग या गावापासून थोड्या अंतरावर चान्चार नावाचे ठिकाण लागते. तेथील टेकडीवर उभे राहून खाली खोऱ्यात पाहिले, तर भातशेते चौकोनी दिसत नाहीत, आयताकृतीही दिसत नाहीत. मध्यभागी एक बिंदू, त्या बिंदूपासून चहूदिशांना फाकलेले बांध आणि त्यांना जोडणाऱ्या गोलाकार रेषा, असे एखाद्या प्रचंड कोळ्याने विणलेले जाळे सबंध खोऱ्यावर अंथरलेले दिसते. प्रवासी त्याची छायाचित्रे घेतात आणि पुढे जातात. आम्हांस मात्र हे जाळे म्हणजे एका समाजाने जमिनीवरच लिहून ठेवलेले वाटणीपत्र वाटते, आणि ते वाचण्याचा यत्न या लेखात करावयाचा आहे.

या शेतास तेथील लोक ‘लिंगको’ म्हणतात. लिंगको ही कुणा एकाची मिळकत नव्हे, ती गावाची. गावाचा मुख्य तो ‘तुआ गोलो’ आणि जमिनीची वाटणी करणारा अधिकारी तो ‘तुआ तेनो’. नवी लिंगको फोडावयाची तेव्हा तुआ तेनो जमिनीच्या मध्यभागी एक खुंट रोवतो. त्या मध्यबिंदूस ‘लोडोक’ असे नाव आहे. तेथे पूर्वजांस अर्पण होते. लिंगको मोठी असेल तर रेडा, लहान असेल तर डुक्कर. मग वाटणी. तीसाठी ना साखळी, ना काठी. माप म्हणून माणसाच्या हाताची बोटे. खुंटाभोवती प्रत्येक कुटुंबाला त्याच्या मानाप्रमाणे व गरजेप्रमाणे अमुक बोटांची जागा मिळते. बोटाला त्यांच्या भाषेत ‘मोसो’ म्हणतात आणि शेताच्या हिश्श्यालाही तोच शब्द आहे. बोटांच्या खुणांपासून सरळ रेषा बाहेरच्या हद्दीपर्यंत नेल्या की मध्ये निमुळते आणि कडेला रुंद असे पाचरीसारखे तुकडे पडतात. मध्यात बोटभर असलेला फरक कडेला पोहोचेपर्यंत बराच मोठा होतो, हे खरे. तथापि प्रत्येक वाटेकऱ्याचे शेत त्या एकाच खुंटापासून सुरू होते.

मांगराईत एक म्हण आहे : ‘गंदांग ओने, लिंगको पेआंग’. आत ढोलाचे घर, बाहेर लिंगको. गावातील ज्या मुख्य घरात ढोल आणि घंटा टांगलेल्या असतात त्यास ‘म्बारू गंदांग’ म्हणतात. ढोल नाही त्या वस्तीस लिंगको नाही, आणि लिंगको नाही तर ढोलाला अर्थ नाही. घर आणि शेत ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत, असे ही म्हण सांगते. पूर्वी या शेतांत फिरती शेती होत असे. काही वर्षे पिके घ्यावयाची, मग जमीन रानाला परत द्यावयाची आणि गावाने दुसऱ्या लिंगकोकडे वळावयाचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठिकठिकाणी पाट आले, भात आले, कॉफीची झाडे आली. वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या पिकाखालची जमीन गावाकडे परत जात नाही, हे कुणाही शेतकऱ्यास सांगावयास नको. फिरती वाटणी अशा रीतीने हळूहळू कायमची झाली आणि सामाईक शेतातून खाजगी मालकी डोके वर काढू लागली. ती कुणा परक्याने लादली नाही. पिकानेच ती आणली.

हे लोक राहतात कसे, हे पाहावयाचे तर वाए रेबो या गावाचे उदाहरण घ्यावे. देंगे या खेड्यापर्यंत वाहन जाते; पुढे रानातून तीन तासांची चढण पायी. वर, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरांवर, सात शंकूच्या आकाराची घरे अर्धवर्तुळात उभी आहेत. प्रत्येक घर सुमारे पंधरा मीटर उंच. घराला पाच मजले आणि प्रत्येक मजल्याला नाव आहे. खालच्या ‘लुतुर’वर माणसे राहतात. वरच्या ‘लोबो’वर धान्य व सामान, त्यावरील ‘लेंतार’वर पुढल्या हंगामाचे बियाणे, त्याहून वर ‘लेम्पा राए’वर अवर्षणाच्या वर्षासाठी राखीव साठा आणि अगदी शिखराशी ‘हेकांग कोडे’ येथे पूर्वजांसाठी अर्पण. माणूस तळाशी आणि दुष्काळाची तरतूद माथ्याशी! घराची अशी रचना करणाऱ्या लोकांना कुणी ‘मागासलेले’ म्हणावे, याचे आम्हांस नवल वाटते. डच अंमलदारांना मात्र ही घरे अंधारी आणि रोगट वाटली. मांगराईतील बहुतेक गोल घरे त्यांच्या अमदानीत व पुढे मोडली आणि रस्त्याच्या कडेने ओळीत चौकोनी घरे आली. वाए रेबो आडवाटेला म्हणून वाचले. तेथेही शेवटी चारच जुनी घरे उरली होती. इंडोनेशियातील काही वास्तुशिल्पज्ञ व देणगीदार यांच्या साहाय्याने गावकऱ्यांनी ती पुन्हा सात केली, आणि २०१२ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा-जतन पुरस्कारांतील सर्वोच्च सन्मान त्यांस मिळाला. मुले शिकावयास खाली कोम्बो या वस्तीत राहतात. कॉफीची पोती माणसांच्या खांद्यावरून खाली उतरतात आणि तांदूळ, मीठ, साबण त्याच खांद्यांवरून वर चढतात.

फ्लोरेसची बहुसंख्य प्रजा कॅथलिक आहे, आणि येथे या कथेला आपल्या बाजूचा धागा येऊन मिळतो. ‘फ्लोरेस’ हा शब्दच पोर्तुगीज; अर्थ ‘फुले’. गोवा जिंकल्यावर दुसऱ्याच वर्षी, १५११ साली, आल्बुकेर्कचे आरमार मलाक्केवर गेले. पुढे मलाक्केचा धर्मप्रांत १५५८ साली स्थापन झाला तो गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीतच. फ्लोरेसच्या पूर्वेस सोलोर नावाचे लहानसे बेट आहे. तेथे डॉमिनिकन धर्मगुरूंनी १५६० नंतर ठाणे मांडले व १५६६ साली एक किल्ला उभारला. १६१३ साली तो डचांनी घेतला. धर्मगुरू आणि त्यांचे ख्रिस्ती समुद्र ओलांडून लारान्तुका येथे आले. १६४१ साली मलाक्का पडल्यावर तेथील निर्वासितही त्यांस येऊन मिळाले. पुढे पिढ्यान् पिढ्या धर्मगुरूंचे दर्शन दुर्मीळ झाले. अशा काळात लारान्तुकाच्या प्रापंचिक बंधुसंघाने पोर्तुगीज प्रार्थना तोंडपाठ करून श्रद्धा टिकवली. पवित्र शुक्रवारी पवित्र मातेच्या मूर्तीची मिरवणूक तेथे आजही निघते. इंडोनेशियन भाषेत देवळाला ‘गरेजा’ म्हणतात. गोव्यातील ‘इगर्ज’ हा त्याचाच सख्खा भाऊ. कपाटाला ते ‘लेमारी’ म्हणतात, आपण ‘अलमारी’.

परंतु जमिनीच्या इतिहासात आम्हांस विशेष बोचते ते एक प्रकरण आहे. जुझे जोआकिं लोपिश द लिमा हा गृहस्थ १८४० ते १८४२ या काळात गोव्याच्या गव्हर्नरपदाचा कारभार पाहत होता. पुढे त्याची नेमणूक तिमोरवर झाली. तिजोरी रिकामी, शिपायांचे पगार थकलेले, अशा स्थितीत त्याने १८५१ साली डचांशी बोलणी करून फ्लोरेस व आसपासच्या बेटांवरील पोर्तुगीज हक्क त्यांस देण्याचे ठरवले आणि ८०,००० गुल्डनची उचलही घेतली. लिस्बनची संमती त्याने घेतलेली नव्हती. त्याला अटक झाली आणि मायदेशी नेत असता वाटेतच, बटाव्हियास, १८५२ साली त्याचा अंत झाला. व्यवहार मात्र मेला नाही. १८५९ च्या लिस्बन तहाने पोर्तुगालने एकूण २,००,००० गुल्डनला आपले हक्क डचांना दिले. तेथील कॅथलिकांच्या धर्मस्वातंत्र्याची हमी तहात घातली होती. ती पाळली गेली आणि म्हणूनच पुढे डच येशूसंघीय व १९१३ नंतर दिव्यशब्द संघाचे धर्मगुरू तेथे कार्य करू शकले. हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच : लिंगकोच्या खुंटाभोवती बसणाऱ्या कुणालाही या विक्रीची वार्ता नव्हती. ज्यांनी विकली त्यांचे मांगराईच्या डोंगरांत पाऊलही क्वचितच पडले होते.

डचांनी नुसता नकाशा घेतला नाही. त्यांनी एक तत्त्वही आणले. १८७० साली जावा व मदुरा या बेटांसाठी आणि १८७५ साली इतर बेटांसाठी जाहीरनामा निघाला की, ज्या जमिनीवर कुणास आपली मालकी सिद्ध करता येणार नाही ती सरकारची. सिद्ध करावयाची म्हणजे कागदाने. ज्या समाजाचे खाते बोटांच्या मापात आणि ढोलाच्या घरात लिहिलेले, त्याने कागद आणावा कोठून? विश्रांती घेत पडलेली लिंगको सरकारी नजरेला ‘पडीक’ दिसली आणि रान ‘सरकारी वन’ ठरले.

स्वातंत्र्यानंतर, २४ सप्टेंबर १९६० रोजी, इंडोनेशियाने जमिनीचा मूलभूत कायदा केला आणि डचांचे ते तत्त्व रद्द केले. या कायद्यातील शब्द मराठी वाचकास मोठे ओळखीचे वाटतील. पूर्ण मालकीला तेथे ‘हक मिलिक’ म्हणतात. आपले ‘हक्क’, ‘मालकी’ आणि ‘मिळकत’ हे शब्द त्याच अरबी घराण्यातले. गावाला शब्द आहे ‘देसा’, तो संस्कृत ‘देश’; जमिनीला, पृथ्वीला ‘बुमी’, ती ‘भूमी’. कायद्याच्या तिसऱ्या कलमाने गावसमाजाचा सामाईक हक्क, ज्याला ते ‘हक उलायत’ म्हणतात, मान्य केला. पण दोन अटी घातल्या : तो हक्क प्रत्यक्षात अद्याप अस्तित्वात असावा आणि राष्ट्रहिताशी सुसंगत असावा. एवढ्या दोन अटींत मागील साठ-पासष्ट वर्षांचे सारे तंटे मावतात. अस्तित्व कोण ठरवणार, आणि राष्ट्रहित कोण? शिवाय १९७९ च्या ग्रामकायद्याने सबंध देशातील खेडी एकाच साच्यात बसवली. तुआ गोलोच्या शेजारी सरकारमान्य गावप्रमुख आला आणि कोणाचा शब्द जमिनीवर चालावा, हा पेच घरोघर पडला. २०१४ च्या नव्या ग्रामकायद्याने परंपरागत गावास पुन्हा जागा दिली व २०१५ पासून केंद्राचा निधी थेट खेड्यांकडे येऊ लागला. त्यातून रस्ते, पाण्याचे नळ यांची कामे झाली. त्या मुलखात ही गोष्ट लहान नाही.

कागद नसल्याची किंमत काय, हे कोलोलच्या लोकांना विचारावे. कोलोल हे मांगराईच्या पूर्वभागातील कॉफीचे खोरे. १९३७ साली डच सरकारने भरवलेल्या कॉफीबागांच्या स्पर्धेत तेथील एका शेतकऱ्यास पहिले बक्षीस मिळाले होते. म्हणजे बाग आहे, ती उत्तम आहे आणि ती कोणाची आहे, हे सरकारास ठाऊक होते. पुढे १९९३ साली रुतेंगच्या परिसरातील वनक्षेत्र राखीव उद्यान म्हणून जाहीर झाले आणि पिढीजात बागांचा काही भाग त्या हद्दीत गेला. २००२ पासून जिल्हा प्रशासनाने ‘अतिक्रमण’ म्हणून कॉफीची झाडे तोडण्याची मोहीम उघडली. मार्च २००४ मध्ये काही शेतकरी पकडले गेले. १० मार्च रोजी कोलोलचे लोक त्यांच्या सुटकेसाठी रुतेंगच्या पोलीस ठाण्यावर गेले. तेथे गोळीबार झाला. सहाजण मेले आणि अनेक जायबंदी झाले. उपवासकाळातला बुधवार होता तो. तेथील लोक त्यास ‘रक्तरंजित बुधवार’ म्हणतात. वने राखली पाहिजेत, याबद्दल आमचे दुमत नाही. डोंगरउतारावरची झाडे गेली की पाणी जाते, हे मांगराईचा शेतकरीही जाणतो. पण झाडाच्या रक्षणासाठी झाडच तोडावे, हा न्याय आम्हांस उमगत नाही. १६ मे २०१३ रोजी त्या देशाच्या संविधान न्यायालयाने निर्णय दिला की, परंपरागत समाजांची वने ही यापुढे सरकारी वने समजली जाऊ नयेत. निर्णय मोठा. मात्र त्याचा लाभ घेण्यास आधी जिल्ह्याने समाजास मान्यता द्यावी लागते, म्हणजे पुन्हा कागद.

हा कागद खेड्यात आणण्याचा मोठा कार्यक्रम २०१७ पासून देशभर चालला. गावेच्या गावे एकदम मोजून प्रमाणपत्रे वाटण्यात आली. आपल्याकडे ज्यांनी सातबारासाठी हेलपाटे घातले आहेत, त्यांस त्या प्रमाणपत्राचे मोल सांगणे नलगे. त्यावर बँक कर्ज देते, भावकीचा तंटा मिटतो आणि सरकारने जमीन घेतली तर भरपाई कोणास द्यावी हे ठरते. दुसरी बाजूही आहे. लिंगकोचा तुकडा एकाच्या नावे झाला की तो विकता येतो. पूर्वी परगावच्या माणसास जमीन हवी असेल, तर तो कोंबडा व ताडी घेऊन तुआ गोलोच्या दारी येई. विनंती मान्य झाली तर जमीन मिळे आणि तिच्याबरोबर गावाच्या सुखदुःखात उभे राहण्याचे कर्तव्यही. कोंबड्याची किंमत ही जमिनीची किंमत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक असे. पुढे असे दिलेल्या जमिनींवरूनच नातवंडांत वाद लागले, कारण एका बाजूस तो रिवाज वाटतो आणि दुसऱ्या बाजूस विक्री.

लाबुआन बाजो हे पश्चिम किनाऱ्यावरील बंदर याची साक्ष देते. कोमोडोच्या महाकाय घोरपडींसाठी १९८० साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९१ साली त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पर्यटन वाढले, विमानतळ वाढला, आणि एका काळी कोळ्यांची वस्ती असलेल्या या गावच्या भोवतालच्या डोंगरांचे भाव आभाळाला भिडले. २०१८ साली पर्यटनासाठी खास प्राधिकरण नेमून बोवोसिए वनातील ४०० हेक्टर क्षेत्र त्याच्या हाती देण्याचे ठरले. त्यावरून स्थानिकांचा विरोध झाला. परदेशी माणसास तेथे पूर्ण मालकी घेता येत नाही. १९६० च्या कायद्याने ती फक्त नागरिकास आहे. परक्यास ठराविक मुदतीचा वापराचा हक्क, ‘हक पाकाइ’, एवढाच मिळतो. तरीही स्थानिकाच्या नावे कागद करून पैसा आपला घालण्याची युक्ती बरेच जण लढवतात. कायदा असा व्यवहार रद्द समजतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. सस्त्या स्वर्गाच्या शोधात निघालेल्यांनी हे कलम वाचलेले बरे.

किनाऱ्यापासून दूर, डोंगरातल्या खेड्यात चित्र वेगळे. तेथे कॉफी, लवंग, मेणबदाम ही पिके हाती पैसा देतात, पण भाव व्यापाऱ्याच्या हातचा. तरुण मुले कामासाठी बाली, कालिमांतान व मलेशियातील साबा येथे जातात. काहीजण कागदपत्रांविना जातात, आणि त्यांतले कित्येक शवपेटीतून परत येतात. त्या प्रांताच्या देवळांतून अशा अंत्यविधींची सवय झाली आहे, ही फार दुःखाची सवय होय. मागे राहिलेल्या भूमीचा वारसा मुलग्यांकडे जातो. मांगराईच्या भाषेत मुलगा ‘आतचा माणूस’ आणि मुलगी ‘बाहेरची’. आईबाप प्रेमाने मुलीस एखादा तुकडा देतात, नाही असे नाही. परंतु ती देणगी, हक्क नव्हे.

चर्चची भूमिका या सर्वांत कोणती? मांगराईत सुगीच्या ‘पेंती’ सणाला ढोलासह मिस्सा होते. रुतेंगचे विल्यम फान बेकुम यांनी, ते तेथे विकार असताना, लोकरीतींना उपासनेत स्थान देण्याचा पुरस्कार १९५६ साली असिसीच्या उपासनापरिषदेत केला होता. जमिनीच्या प्रश्नावर तेथील धर्मगुरू अनेकदा शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. पण एक अवघड प्रकरण आम्ही झाकून ठेवणार नाही. बेटाच्या मध्यपूर्व भागात, मौमेरेजवळ, नांगाहाले येथे नारळीची मोठी बाग आहे. १९१२ च्या सुमारास ती एका डच कंपनीकडे होती. १९२६ साली तेथील कॅथलिक मिशनने ती विकत घेतली. पुढे ती सरकारी भाडेपट्ट्यावर चालली. पट्ट्याची मुदत २०१३ अखेर संपली. त्यानंतर आपल्या पूर्वजांची ही भूमी, असे म्हणत आसपासच्या दोन समाजांनी तेथे घरे बांधली. २०२३ साली मौमेरे धर्मप्रांताच्या कंपनीस ३२५ हेक्टरांचा पट्टा पुन्हा मिळाला आणि २२ जानेवारी २०२५ रोजी तेथील अनेक घरे पाडण्यात आली. धर्मप्रांताचे म्हणणे असे की, जुन्या क्षेत्रापैकी पाचशेहून अधिक हेक्टर आपण आधीच सोडून दिले, उरलेल्या बागेच्या उत्पन्नावर सेमिनरी व सेवाकार्य चालते आणि कागद आपल्या बाजूस आहे. पाडलेल्या घरांत राहणारेही त्याच देवळात मिस्सेला जाणारे होते. १९२६ साली मिशनने रीतसर पैसे मोजले, यात शंका नाही. १८५९ साली डचांनीही मोजलेच होते.

सध्या मांगराईच्या चर्चेत आहे ते पोचो लेओक. २०१७ साली इंडोनेशियाच्या ऊर्जामंत्रालयाने फ्लोरेसला ‘भूऔष्णिक बेट’ म्हणून जाहीर केले. पृथ्वीच्या पोटातील वाफेवर वीज करावयाची, कोळसा व डिझेल वाचवावयाचे, हा हेतू चांगलाच आहे, आणि ज्या खेड्यांत दिवा उशिरा आला त्यांस विजेचे महत्त्व आम्ही काय सांगावे! उलुम्बू येथे असे एक केंद्र आधीपासून आहे. त्याचा विस्तार शेजारच्या पोचो लेओकच्या डोंगरात करावयाची योजना आहे. तेथे चौदा ढोलघरांची गावे असून त्यांच्या लिंगको त्याच उतारांवर आहेत. एंडेचे आर्चबिशप पाउल बुडी क्लेडेन यांनी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या क्षेत्रातील अशा प्रकल्पांना विरोध जाहीर केला. डोंगर, झरे आणि शेती यांवर जगणाऱ्या बेटाला हा मार्ग मानवणारा नाही, असा त्यांचा आशय होता. काही गावकऱ्यांनी भरपाई घेऊन जमिनी दिल्या आणि बहुतेकांनी दिल्या नाहीत. एकाच गावात, एकाच भावकीत दोन पक्ष पडले. मोजणीसाठी पथके पोलीस बंदोबस्तात आली तेव्हा रस्त्यावर पुढच्या रांगेत स्त्रिया उभ्या होत्या. गावच्या रिवाजाप्रमाणे ज्यांच्या नावाने खुंटाभोवती एक बोटही मोजले जात नाही, अशा त्या स्त्रिया.